वातारासेचे पाणी आणि तानाका शोझो

वातारासे ही जपानमधली फार मोठी नदी नव्हे. टोकियोच्या उत्तरेला, तोचिगी प्रांताच्या डोंगरांत ती उगम पावते आणि शंभरएक किलोमीटर वाहून तोने या मोठ्या नदीला मिळते. तिला दर दोन-चार वर्षांनी पूर यायचा. काठचे शेतकरी पुराची धास्ती घेत, पण त्याची वाटही पाहत. पाणी ओसरले की शेतांवर डोंगरातल्या पालापाचोळ्याचा काळा गाळ पसरलेला असे. त्या गाळावर भात, सातू आणि रेशीमकिड्यांसाठी लावलेली तुती जोमाने वाढे, वेगळे खत फारसे लागत नसे.

१८८० च्या दशकात हे गणित उलटले. आधी नदीतले मासे मरून तरंगू लागले. मग पूर येऊन गेला की भाताची रोपे पिवळी पडू लागली. पाटाचे पाणी खाचरात जिथे शिरते त्या तोंडाशी तर ती खुरटून जळून जात. काठावरची बांबूची बेटे सुकली. ऑगस्ट १८९० मध्ये मोठा पूर आला आणि पाणी उतरल्यावर हजारो एकरांवरचे पीक कुजलेले दिसले. नदीच्या उगमाकडे आशिओ नावाची तांब्याची खाण होती. शेतकऱ्यांना संशय तिचाच होता. तो सिद्ध करण्यात आणि त्यावर उपाय मागण्यात ज्या माणसाने पुढची बावीस-तेवीस वर्षे घालवली, त्याचे नाव तानाका शोझो.

तानाका यांचा जन्म १८४१ चा, तोचिगी प्रांतातल्या कोनाका या गावचा. वडील गावचे मुख्य होते, साधारण आपल्याकडच्या पाटलासारखे. ते पद सतराव्या वर्षी मुलाकडे आले. जमीनदार सरदाराच्या कारभाराविरुद्ध गाव उभे केल्याबद्दल त्यांना सुमारे अकरा महिने कोठडीत काढावे लागले. जेवणात विष घालतील या भीतीने आपण तिथे महिनाभर सुकवलेल्या माशाच्या दोन कांड्यांवर जगलो, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवले आहे. सुटल्यावर उत्तरेकडे छोटी सरकारी नोकरी धरली, तर तिथे वरिष्ठाच्या खुनाचा आळ आला. तीन वर्षे तुरुंगात गेल्यावर ते निर्दोष सुटले. नंतर वृत्तपत्र काढले, प्रांतिक विधिमंडळात निवडून आले, गव्हर्नरशी भांडून पुन्हा तुरुंग पाहिला. १८९० मध्ये जपानची पहिली संसदीय निवडणूक झाली तेव्हा ते कनिष्ठ सभागृहात पोहोचले. पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा, रागीट आणि आवाजाने सभागृह दणाणून सोडणारा हा सभासद रसायनशास्त्र शिकलेला नव्हता. शेती मात्र त्याला कळत होती.

आशिओची खाण १६१० पासूनची. शोगुनांच्या काळात तिने भरपूर तांबे दिले आणि मग ती जवळजवळ आटली. १८७७ मध्ये फुरुकावा इचिबेई या उद्योजकाने ती विकत घेतली तेव्हा वर्षाचे उत्पादन पन्नास टनांच्याही आत होते. चार-सात वर्षांत नव्या, समृद्ध शिरा सापडल्या आणि १८८५ च्या सुमारास ते चार हजार टनांवर गेले. परदेशातून यंत्रे आणि जहाजे घ्यायची तर परकीय चलन हवे, आणि तांबे विकून ते मिळत होते. म्हणजे ही खाण एका माणसाची असली तरी सरकारलाही ती हवीच होती.

तांब्याच्या खनिजात गंधक आणि लोह भरपूर असते. खनिज फोडून, धुऊन चांगला भाग भट्टीत जातो आणि उरलेला दगड व बारीक चिखल खाणीबाहेर टाकला जातो. या टाकाऊ ढिगाऱ्यावर पाऊस पडला, हवा लागली की त्यातले गंधक हळूहळू गंधकाम्ल बनते आणि ते आम्ल दगडातले तांबे विरघळवून बाहेर काढते. तयार होतो तो मोरचुदाचा पातळ द्राव. खाण बंद असली तरी हे थांबत नाही. ढिगारा आणि पाऊस असेपर्यंत ते चालूच राहते.

दुसरे संकट धुराचे. भट्टीतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडने आजूबाजूच्या डोंगरांवरची झाडे मेली. खाणीच्या आधारासाठी आणि कोळशासाठी झाली ती तोड वेगळीच. झाडे गेल्यावर माती सुटली, पावसाचे पाणी अडेनासे झाले, पूर मोठे आणि वारंवार येऊ लागले. पूर जितका मोठा तितका काठचा ढिगारा जास्त वाहून जाणार आणि तितक्या दूरच्या शेतात पसरणार. आशिओच्या वरच्या अंगाला असलेले मात्सुकी हे गाव धुराने इतके उजाड झाले की १९०२ मध्ये ते सोडूनच द्यावे लागले.

तांबे हे झाडाचे शत्रू नव्हे, हे इथे सांगायला हवे. प्रत्येक वनस्पतीला ते अगदी थोडे लागतेच. प्रकाशसंश्लेषणातल्या एका महत्त्वाच्या प्रथिनात ते असते. प्रमाण वाढले की मात्र आधी मुळे मार खातात. मुळाचे टोक वाढायचे थांबते, मुळे आखूड, जाड आणि तपकिरी होतात. तांब्याच्या गर्दीत झाडाला लोह घेता येत नाही, म्हणून पाने पिवळी पडतात. शेतकऱ्याला वरून दिसतो तो हा पिवळेपणा आणि खुरटलेली वाढ. शिवाय तांबे जमिनीतल्या सेंद्रिय द्रव्याला घट्ट चिकटते, पाण्याबरोबर सहजासहजी खाली निघून जात नाही. नांगराच्या थरात ते वर्षानुवर्षे साठत राहते. एका हंगामातला गाळ पुढच्या पिढीच्या भातालाही बाधतो तो यामुळे.

हे सगळे तेव्हा असे मांडून कोणी सांगितलेले नव्हते. शेतकऱ्यांनी माती आणि पाण्याचे नमुने तपासून घेण्याची धडपड केली. टोकियोच्या कोमाबा येथील कृषी महाविद्यालयातले तरुण प्राध्यापक कोझाई योशिनाओ यांनी नमुने तपासले आणि पिकांच्या नाशाचे कारण तांब्याची संयुगे हेच असल्याचा निष्कर्ष काढला. खाणीतल्या वैभवाचे दिवस असताना असे लिहून देणे सोपे नव्हते. पुढे हेच कोझाई टोकियो विद्यापीठाचे प्रमुख झाले.

डिसेंबर १८९१ मध्ये तानाका यांनी संसदेत प्रश्न विचारला. सार्वजनिक हिताला बाधा येत असेल तर खाणीचा परवाना रद्द करण्याची तरतूद कायद्यात आहे, मग सरकार गप्प का, असा त्यांचा रोख होता. कृषी व वाणिज्य मंत्री होते मुत्सु मुनेमित्सु आणि त्यांचा दुसरा मुलगा फुरुकावांना दत्तक गेलेला होता. संसद विसर्जित झाल्यावर उत्तर आले ते असे की नुकसानीचे कारण अजून निश्चित नाही, आणि खाण तरीही खनिजाची भुकटी पकडणारी परदेशी यंत्रे बसवत आहे. या यंत्रांच्या भरवशावर खाणीने शेतकऱ्यांशी तडजोडीचे करार केले. थोडी रक्कम घ्यायची आणि १८९६ च्या जूनपर्यंत तक्रार करायची नाही. ती यंत्रे मुळात वाया जाणारे तांबे परत मिळवण्यासाठी होती, पाणी शुद्ध करण्यासाठी नव्हती. विरघळलेल्या तांब्यावर त्यांचा काहीच परिणाम होणार नव्हता.

करारांची मुदत संपली त्याच उन्हाळ्यात, १८९६ मध्ये, एकापाठोपाठ तीन पूर आले. विषारी पाणी थेट टोकियोच्या वेशीपर्यंत पोहोचले. मार्च १८९७ मध्ये हजारो शेतकरी राजधानीकडे पायी निघाले. तेव्हाचे मंत्री एनोमोतो ताकेआकी यांनी स्वतः जाऊन शेते पाहिली, आणि परत आल्यावर थोड्याच दिवसांत राजीनामा दिला. सरकारने चौकशी समिती नेमली. २७ मे १८९७ रोजी खाणीला ३७ कलमांचा आदेश निघाला. ठरलेल्या मुदतीत पाणी आणि धूर शुद्ध करण्याची व्यवस्था करा, नाहीतर खाण बंद.

आदेशातली पाण्याची पद्धत आजही जगभर वापरली जाते. खाणीच्या आम्लयुक्त पाण्यात चुना मिसळायचा. आम्ल मारले जाते आणि विरघळलेले तांबे हायड्रॉक्साइडच्या रूपात साका होऊन खाली बसते. मग पाणी तळ्यात संथ ठेवून गाळ बसू द्यायचा आणि वरचे पाणी वाळूतून गाळून सोडायचे. आपल्याकडच्या द्राक्ष बागायतदाराला यातले रसायन नवे नाही. बोर्डो मिश्रणात तो मोरचुदाबरोबर चुना घालतो, कारण नुसत्या मोरचुदाने पान करपते आणि चुन्याने तांबे बांधले जाते. बागेत पिंपभर द्रावणात जे होते ते आशिओत एका डोंगराच्या पाण्यावर करायचे होते. धुरासाठी मनोरे बांधून त्यांत चुन्याच्या पाण्याचा फवारा मारायचा होता.

खाणीने दहा लाख येनहून अधिक खर्च केला, हजारो मजूर लावले आणि त्याच वर्षात काम पुरे केले. हे काम खोटे नव्हते, एवढे खाणीच्या बाजूने म्हणायला हवे. पण धुराच्या मनोऱ्यांना त्या काळच्या तंत्राने यश येणे शक्य नव्हते आणि आले नाही. तळी नेहमीच्या दिवसांत चालत, मोठ्या पावसात पुरी पडत नसत. तळ्यांत बसलेला गाळ पुन्हा डोंगरउतारावरच रचला जाई. आणि वीस वर्षांत टाकलेले ढिगारे, नदीच्या तळाशी बसलेले तांबे, शेतांत मुरलेले तांबे यांना या चुन्याचा थेंबही लागणार नव्हता. आदेशाच्या अंमलबजावणीवर देखरेख करणारा सरकारी अधिकारी पुढे त्याच खाणीचा प्रमुख झाला, ही गोष्ट तानाका यांच्या लक्षात राहिली नसती तरच नवल.

शेतकरी काय करत होते? जमिनीचा वरचा थर खरवडून शेताच्या कोपऱ्यात त्याचे ढीग लावत होते. अशा ढिगांना विषाच्या टेकड्या म्हणत. ज्यांना जमे ते खोल खणून खालची माती वर आणत. माणसांच्या हातांनी, कुदळीने हे काम चाले, आणि पुढच्या पुरात नवा गाळ येऊन बसे.

१८९८ च्या सप्टेंबरात पुन्हा मोठा मोर्चा निघाला. तानाका यांनी वाटेत त्याला गाठले आणि परत जायला सांगितले. तेव्हा त्यांच्याच पक्षाचे सरकार होते आणि आपण आत राहून काम करून घेऊ, असा शब्द त्यांनी दिला. पन्नास प्रतिनिधी पुढे गेले, बाकीचे घरी परतले. थोड्याच आठवड्यांत ते सरकार पडले. माझ्या मते त्यांच्या पुढच्या हट्टाची मुळे या दिवसात आहेत. दिलेला शब्द फुकट गेल्याचे त्यांनी स्वतःला माफ केलेले दिसत नाही. पुढच्या वर्षी सभासदांचे मानधन ८०० येनवरून २००० येन झाले, तेव्हा त्यांनी ठरावाला विरोध केला आणि मानधन घेणेच सोडून दिले.

१३ फेब्रुवारी १९०० रोजी चौथा मोर्चा कावामाता येथे पोलिसांनी मारहाण करून मोडला. शंभराच्या आसपास लोक पकडले गेले, पन्नासएकांवर खटले झाले. सुनावणीत प्रेक्षकांत बसलेल्या तानाका यांनी मोठ्याने जांभई दिली म्हणून न्यायालयाचा अवमान झाला असे ठरले आणि त्यांना चाळीसएक दिवस तुरुंगात काढावे लागले. तुरुंगात त्यांनी बायबलचा नवा करार वाचला. त्याचा त्यांच्यावर कायमचा परिणाम झाला, धर्मांतर मात्र त्यांनी केले नाही.

त्याआधी, ऑक्टोबर १९०१ मध्ये, त्यांनी संसदेचा राजीनामा दिला होता. १० डिसेंबर रोजी सम्राट संसदेचे उद्घाटन करून परतत असताना साठ वर्षांचे तानाका अर्ज उंचावून थेट राजाच्या घोडागाडीकडे धावले. अर्जाचा मसुदा पत्रकार कोतोकु शूसुई यांनी लिहिला होता. पहारेकऱ्यांनी त्यांना वाटेतच धरले. अशा कृत्याला कठोर शिक्षा होऊ शकत होती, पण खटला भरला तर विषय आणखी गाजेल, म्हणून भ्रमिष्ट म्हातारा समजून त्यांना त्याच दिवशी सोडून दिले. अर्ज सम्राटापर्यंत पोहोचला नाही, पण वृत्तपत्रांत पोहोचला. डिसेंबर संपायच्या आत टोकियोचे शेकडो विद्यार्थी वातारासेकाठची शेते बघायला गेले.

सरकारने १९०२ मध्ये दुसरी समिती नेमली आणि तिचा अहवाल या सगळ्या प्रकरणातला सर्वांत चतुर कागद ठरला. आता खाणीतून येणारे तांबे थोडे आहे, मुख्य दोष १८९७ पूर्वी नदीत साठलेल्या तांब्याचा आहे, असे तिने म्हटले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने यात बरेच तथ्य होते. साठलेले तांबे खरोखरच मोठे होते. पण निष्कर्ष असा निघाला की प्रश्न आता विषाचा उरला नाही, पुराचा आहे. पूर अडवायला नदीच्या खालच्या अंगाला एक मोठा तलाव करावा. त्यासाठी जागा निवडली ती यानाका गावाची. सुमारे ४५० घरे आणि २७०० माणसे, विषारी पुराने आधीच खचलेली.

१९०३ मध्ये काठच्या शेतांत भात चांगला आला. शुद्धीकरणाच्या कामाचे हे फळ, असे म्हणणारे अनेक होते. तानाका यांनी वेगळेच कारण सांगितले. १९०२ च्या पुरात वरच्या डोंगरांचे कडे कोसळले होते आणि त्यांची नवी, स्वच्छ माती विषारी थरावर पसरली होती. भाताची मुळे वीतभर मातीतच वाढतात, आणि ती वीतभर माती या वर्षी नवी होती. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाचे हे निरीक्षण आजच्या मृदाशास्त्रज्ञालाही पटेल. दूषित शेतांवर स्वच्छ मातीचा थर टाकणे हाच पुढे जपानमध्ये सरकारी उपाय झाला.

१९०४ मध्ये तानाका यानाकात राहायला गेले. गावकरी एकेक करून भरपाई घेऊन निघत होते. १९०६ मध्ये यानाका हे गाव कागदावरून पुसले गेले. त्या वेळचे गृहमंत्री हारा ताकाशी आदल्या वर्षी फुरुकावांच्या खाण कंपनीचे उपाध्यक्ष होते. २९ जून ते ५ जुलै १९०७ या आठवड्यात उरलेली सोळा घरे पोलीस उभे करून पाडली गेली. लोक तरीही गेले नाहीत. पावसात झोपड्या बांधून ते तिथेच राहिले आणि तानाका त्यांच्यात येऊन-जाऊन राहिले. आधी निघालेल्यांतली काही कुटुंबे १९११ मध्ये पार उत्तरेला, होक्काइदो बेटावरच्या सारोमाच्या थंड रानात वसवली गेली.

शेवटची काही वर्षे म्हातारा नद्या मोजत फिरला. वातारासे, तोने आणि तिच्या उपनद्यांच्या काठाने पायी जायचे, पुराचे पाणी कुठवर चढले ते गावोगाव विचारून लिहून घ्यायचे. विषारी पाणी राजधानीत शिरू नये म्हणून सेकियादो येथे एदो नदीचे तोंड दगडी बांधकामाने अरुंद केले गेले आणि त्यामुळे तोनेचे पाणी मागे फिरून वातारासेत तुंबते, असे त्यांचे म्हणणे होते. तलाव बांधून पूर थांबणार नाहीत. वरचे डोंगर हिरवे करा आणि खालचे तोंड मोकळे करा. वीस वर्षांपूर्वी खाण बंद करा एवढेच म्हणणारा माणूस आता डोंगर, झाड, नदी आणि शेत यांचा एकत्र हिशेब मांडू लागला होता.

ऑगस्ट १९१३ मध्ये अशाच फिरतीत एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या घरी ते कोसळले आणि ४ सप्टेंबरला वारले. वय ७१. घर, जमीन सगळे आधीच संपले होते. उशाशी एक गवती टोपी आणि एक कापडी झोळी होती. झोळीत अपुरे हस्तलिखित, नवा करार, तीन रोजनिशा, राज्यघटना आणि मत्तयाचे शुभवर्तमान एकत्र शिवलेली प्रत, थोडे नाक पुसायचे कागद, नदीतले सुकवलेले शेवाळ आणि तीन लहान दगड होते. त्यांच्या अस्थी नदीकाठच्या अनेक गावांनी वाटून घेतल्या.

आशिओच्या धुरातले गंधक पकडणारी भट्टी १९५६ मध्ये आली. त्याच सुमारास मात्सुकीच्या उघड्या डोंगरांवर माती, खत आणि बी एकत्र दाबलेल्या विटा लावून गवत आणि झाडे रुजवण्याचे सरकारी काम सुरू झाले. पुढे नागरिकही रोपे घेऊन चढू लागले. अजून बरेच कडे बोडके आहेत. १९५८ मध्ये गाळाचा एक जुना बांध फुटून गुन्मातल्या मोरिता भागातल्या खाचरांत पुन्हा तांबे आले. तिथल्या शेतकऱ्यांनी लढा चालू ठेवला. भातशेतीच्या मातीत तांबे किती चालेल याची मर्यादा जपानने १९७२ मध्ये ठरवली, किलोमागे १२५ मिलिग्रॅम. खाण १९७३ मध्ये बंद झाली. १९७४ मध्ये कंपनीने मोरिताच्या शेतकऱ्यांना दीड अब्ज येनहून अधिक भरपाई मान्य केली. यानाकाच्या जागी आता मोठा पूरतलाव आहे. त्यातल्या देवनळासारख्या उंच गवताच्या विस्तीर्ण बनामुळे आणि पक्ष्यांमुळे २०१२ मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

मार्च २०११ च्या भूकंपात १९५८ मध्ये फुटलेल्या त्याच गाळाच्या साठ्यातून पुन्हा माती घसरून वातारासेत गेली आणि खालच्या पाण्यात शिसे मर्यादेपेक्षा जास्त आढळले. बंद खाणीच्या बोगद्यांतून आजही आम्लयुक्त पाणी झिरपते. आशिओतल्या शुद्धीकरण केंद्रात त्यात चुना मिसळला जातो, साका खाली बसू दिला जातो, निवळलेले पाणी नदीत सोडले जाते, आणि गाळ पंपाने गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या साठ्यात नेऊन टाकला जातो.